पाणी सरळच दिसतं

भीती वाटत नाही का, हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, भाजी मंडईत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारून झालाय. मी सवयीनं मान हलवते. खरं उत्तर असं आहे, की भीती फार वेळ टिकत नाही. दमणूक टिकते. पण विमान चालवणाऱ्या बाईला, दमत नाहीस का, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

कराडच्या धावपट्टीवर मी मुलांना विमान शिकवते. एका इंजिनाचं, चार माणसांचं लहान विमान. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत मुलं एकामागून एक शेजारी बसतात, विमान धावपट्टीवर आपटतात, "सॉरी मॅडम" म्हणतात आणि उतरतात. आपटणं त्यांचं, कंबर माझी. घरी, कराडला लागूनच्या मलकापुरात, आई आणि मी, दोघीच. वडील फौजेत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. ऊस चुलतभाऊ बघतो. माझ्या लग्नाचा विषय गावानं कधीच सोडून दिला आणि त्याबद्दल मी गावाची आभारी आहे.

मुलांना शिकवायचं तर स्वतःचा हातही चालू ठेवावा लागतो. त्यातला सगळ्यात किचकट भाग म्हणजे ढगातून उतरणं. बाहेर काही म्हणजे काही दिसत नसतं. समोर यंत्रं असतात: उंची सांगणारं, वेग सांगणारं, दिशा सांगणारं आणि एक कृत्रिम क्षितिजाचं, ज्यात विमान सरळ आहे की कलंडलंय ते कळतं. जमिनीवरच्या रेडिओ केंद्राचा इशारा धरून, ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या उंचीनं खाली यायचं. शेवटी ढगाखाली आलं की समोर धावपट्टी दिसायला हवी. नाही दिसली तर हट्ट न करता परत वर जायचं. याला आम्ही अप्रोच म्हणतो. दरवर्षी त्याची परीक्षा असते, आणि आमच्या धावपट्टीवर तसलं केंद्र नसल्यानं सरावाला मी कोल्हापूरला जाते. एकटीच. बाकीचे शिक्षक आपापली मुलं घेऊन बसलेले असतात, त्यांना कुठून वेळ असणार?

एकटं असण्यात एक अडचण आहे, आणि ती समजायला कानाबद्दल थोडं सांगायला हवं. आपला तोल कानाच्या आत असलेल्या थोड्याशा पाण्यावर चालतो. डोकं हललं की ते हलतं आणि शरीराला कळतं. पण विमान अगदी सावकाश कलंडलं तर त्या पाण्याला पत्ताच लागत नाही. डोळ्यांना बाहेर काही दिसत असतं तर ते ओरडले असते. ढगात डोळेही गप्प. मग तुम्ही चांगले कललेले असता आणि सगळं शरीर शपथेवर सांगत असतं की आपण सरळ आहोत. मुलांना मी पहिल्या दिवशीच सांगते, शरीराचं ऐकायचं नाही, यंत्राचं ऐकायचं. शेजारी कुणी असलं की निदान विचारता तरी येतं, "तुलाही असं वाटतंय का?"

आईच्या डाव्या कानातलं हेच पाणी बिघडलेलं आहे. त्याचा दाब वाढतो, कान वाजायला लागतो आणि थोड्या वेळानं घर फिरतं. पहिल्यांदा झालं तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली बसली होती, ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी लटकून. मला म्हणाली, "घर धर गं." मी खरंच भिंतीला हात लावला. वेडेपणाच, पण तिनं इतक्या काकुळतीनं सांगितलं होतं की न लावून चाललंच नसतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं. लोणचं, पापड, सांडगे, खारवलेल्या मिरच्या, सगळं घरातून गेलं. दोन भाज्या कोण करत बसणार, म्हणून मीही तिच्याबरोबर अळणी जेवायला लागले. आई म्हणायची, "तू वरनं घे की मीठ." मी म्हणायची, सवय झाली. सवय कसली होतेय, पण तिच्यासमोर बसून लोणच्याची फोड चोखायची म्हणजे जिवावर यायचं.

आणि मी तिला एक ग्लास दिला. आमच्या घरात सगळे स्टीलचे, म्हणून मुद्दाम काचेचा आणला. अर्धा भरून टीव्हीच्या शेजारी ठेवला. तिला सांगितलं, घर फिरायला लागलं की ह्या पाण्याकडं बघायचं. घर खरंच कललं असतं तर पाणीही एका बाजूला गेलं असतं. पाणी सरळ आहे म्हणजे घर सरळ आहे, तुझा कान खोटं बोलतोय. माझ्या विमानात जसं क्षितिजाचं यंत्र, तसं हे तुझं. आईनं नीट ऐकून घेतलं. तेव्हापासून ती रोज सकाळी देवपूजेआधी ग्लास विसळून ताज्या पाण्यानं अर्धा भरते. मला त्या ग्लासाचा मोठा अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना मी तो दाखवायची.

पाऊस संपत आलेला, पण ढग अजून खाली बसलेले, अशा दिवसांत एका सकाळी कोल्हापूरला निघाले. रात्री आईला घर फिरण्याचा झटका येऊन गेलेला, झोप यथातथाच. एरवी शिकवताना मी उजवीकडे बसते. एकटी असले की डावीकडे, आणि उजव्या सीटवर पाण्याची बाटली, पट्ट्यानं बांधून. ती अर्धी प्यालेली होती.

कोल्हापूरच्या अलीकडेच ढगात शिरले. धुऊन वाळत घातलेल्या चादरीत तोंड घातल्यासारखं पांढरं, चारी बाजूंनी. केंद्रावरून पुढे गेले, आता थोडं लांब जाऊन वळायचं आणि खाली यायला लागायचं. मधल्या वेळात रेडिओवर बोलले, मांडीवरचा नकाशा पाहिला, पुढच्या उंचीचा आकडा मनात घोकला. मान वर केली तर क्षितिजाचं यंत्र डावीकडे चांगलंच कललेलं.

मला तर सरळ वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, खात्री होती. आणि मी काय केलं? मुलांना इतकी वर्षं ओरडून सांगितलेलं सगळं बाजूला राहिलं आणि मी बाटलीकडे बघितलं. घरची सवय. आईला येता-जाता सांगून सांगून माझ्याच अंगात भिनलेली. बाटलीतलं पाणी अगदी सरळ होतं, बुडाशी समांतर. म्हणजे विमान सरळ. म्हणजे यंत्र बिघडलं.

तेवढ्यात दिशेच्या यंत्राकडे लक्ष गेलं. ते हळूहळू फिरत होतं. सरळ जाणारं विमान दिशा कशाला बदलेल? शेजारचं वळण दाखवणारं यंत्रही डावीकडेच बोट दाखवत होतं. तीन यंत्रं एका बाजूला. मी आणि बाटली दुसऱ्या बाजूला. मी दात आवळून यंत्रांचं ऐकलं, विमान उजवीकडे उचललं आणि यंत्रात सरळ केलं. त्याक्षणी माझं सगळं शरीर ओरडायला लागलं की तू उजवीकडे पडतेयस. बाटलीकडे परत पाहिलं. पाणी आताही तितकंच सरळ होतं.

तेव्हा कळलं. विमान कलून वळतं तेव्हा वळणाचा जोर पाण्यालाही तितकाच ढकलतो आणि तेही त्याच्याबरोबर कलतं. बाटलीतलं असो की कानातलं. कललेल्या विमानातही ते सरळच दिसणार. ही गोष्ट मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. आकृतीत बाटली नसते, एवढाच फरक.

पुढचा सगळा अप्रोच मी डावीकडे झुकून बसून केला, वळणावरच्या एसटीत बसल्यासारखी. मान आखडली, पण यंत्रांच्या सुया जागेवर ठेवल्या. ढगाखाली आले तेव्हा धावपट्टी समोर होती, ओली, काळी. जीव भांड्यात पडला. उतरले, विमान उभं केलं आणि चहाच्या दिशेनं चालायला लागले, तर पायाखालचं डांबर हललं. थांबले. परत चालले. परत हललं.

ढगात तोल चुकतो, तो सगळ्यांचाच चुकतो. जमिनीवर चुकायला नको. संध्याकाळी घरी वरच्या फळीवरचा डबा काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर पुन्हा. आईचं दुखणं आईच्या आईलाही होतं असं मामा म्हणायचे. ढगात मला जे झालं ते चांगल्या कानाचं फसणं होतं की बिघडलेल्या कानाची सुरुवात? शेजारी कुणी असतं तर विचारलं असतं, तुझाही तोल गेला का. तो 'हो' म्हणाला असता तर माझं काम झालं असतं. पण शेजारी बाटली होती, आणि तिनं आधीच एकदा मला फसवलं होतं.

कान गेला की वैद्यकीय तपासणीत मी नापास. मग विमान नाही, शिकवणंही नाही. दुसरं मला काहीच येत नाही, ऊससुद्धा लावता येत नाही. ही भीती खरी होती. पण तिच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं आणि ते मला दोन दिवसांनी सापडलं. मला बरं वाटत होतं. कुणीतरी पांढऱ्या कोटातला माणूस सही-शिक्क्यानं सांगणार होता, बाई, आता पुरे. भल्या पहाटे उठणं पुरे, आपटणं पुरे, आई घरी एकटी आहे हे ढगात बसून आठवणं पुरे. सोडायचं कारण मला शोधावं लागणार नव्हतं.

संस्थेत सर्दी झाल्याचं सांगितलं. सर्दी म्हटलं की आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही. बंद कानानं वर जाता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आईला गुरुवारी मिरजेला दाखवायचंच होतं. तिला घेऊन गेले आणि तिचं झाल्यावर डॉक्टरांना म्हटलं, आता माझेही कान बघा.

आई एकदम माझ्याकडे वळली. "तुला काय झालंय?"

"काही नाही. दरवर्षीची तपासणी."

तिनं विश्वास ठेवला नाही. पदर सावरून खुर्चीत बसून राहिली.

डॉक्टरांनी मला आडवं केलं. एका कानात कोमट पाणी सोडलं, मग गार; मग दुसऱ्या कानात. पाणी सोडलं की खोली गरगर फिरायची आणि ते माझ्या डोळ्यांत बघत बसायचे. त्या पडल्या पडल्या फिरण्यात मला पहिल्यांदा कळलं की आई कशात राहते. यंत्र नाही, नकाशा नाही, खाली आल्यावर दिसणारी धावपट्टी नाही. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

"कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "ढगात तोल चुकला म्हणता, तो चुकायलाच हवा. धड कानच तिथं फसतो. नसता चुकला तर मी काळजी केली असती."

"आणि जमिनीवर?"

त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला. परत घेतला. कमी भरला. "जेवणात मीठ खाता का तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत आई बोलली. "न्हाई खात. माज्याबरोबर आळणी जेवती. मी सांगून दमले, लोणचं घे म्हणून."

डॉक्टर हसले. पथ्य आईंना सांगितलं होतं, तुम्हाला नाही, म्हणाले. "दिवसभर घाम गाळता, झोपत नाही, आणि वर मीठ बंद. चक्कर येणार नाही तर काय होईल? व्यवस्थित जेवा, झोपा. मग खुशाल उडा."

मला आनंद व्हायला हवा होता. बाहेर येऊन गाडीत बसले आणि किल्ली न फिरवताच बसून राहिले. रडू आलं. निराशेचं होतं ते, सरळ सांगते. इतक्या जवळ आलेली सुटी कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं. आई शेजारी बसली होती. तिला वाटलं असेल, सुटल्याचं रडतेय.

सांगलीत तिनं गाडी थांबवायला लावली. "भडंग घे," म्हणाली. मी एक पुडा घेतला. तिनं तो स्वतः फोडून माझ्या मांडीवर ठेवला आणि मी खाताना बघत राहिली. लसूण, तिखट, मीठ. कित्येक महिन्यांनी जिभेला काहीतरी कळलं. तिला खाता येत नव्हतं. तिनं नुसता पुड्याचा वास घेतला.

खाता खाता मी म्हटलं, "आई, मी सोडू का हे?"

"इमान?"

"हो. दमले गं."

"सोड की," ती लगेच म्हणाली. "मला दिसतंय न्हवं. किती दीस झालं, तू बसल्या जागी झोपतीस." मग थोडं थांबून म्हणाली, "खरं..."

"पण काय?"

"काय न्हाई. खा तू."

मला वाटलं, पैशाचं म्हणतेय. मी म्हटलं, मी घरी असले तर तुझ्याकडंही बघता येईल. दर वेळी तू त्या ग्लासाकडं बघत एकटी बसायला नको. आणि मग त्या दिवशीची बाटलीची गोष्ट तिला सांगून टाकली, पाण्यानं मला कसं फसवलं ती. घरात मात्र पाणी फसवत नाही, तू खुशाल बघत जा, असंही वर सांगितलं.

आई हसली. "मी न्हाई बघत त्या गलासाकडं."

"म्हणजे?"

"आगं, घर फिराय लागलं की डोळं बी पळत्यात. पाणी कुटलं दिसतंय? गलास बी दिसत न्हाई, टीवी बी दिसत न्हाई."

"मग रोज भरून का ठेवतेस?"

"तू ठेव म्हणलीस म्हणून."

माझी मूठ पुड्यातच राहिली. सगळ्या पाहुण्यांना दाखवलेला तो ग्लास डोळ्यांपुढे आला.

"मग मी नसते तेव्हा काय करतेस?"

"डोळं मिटून पडती. चांगला कान वर करून." तिनं उजव्या कानाला हात लावला. "खाली कुटं, वर कुटं, कायबी कळत न्हाई तवा. मग कवातरी वरनं इमान जातंय. आवाज आला की कळतं, वर तिकडं हाय. येकदा वर कळलं की खालचं बी कळतं. मग हळूहळू घर जाग्यावर बसतंय."

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या मागं लावून. मी तो पुरता जाऊ दिला.

"कुणाचंही विमान चालतं?" मी विचारलं.

"कुणाचं बी. खरं पोरं चालवत्यात तवा आवाज लय वर-खाली व्हतो, मग परत गरगरतंय. तुजा येकसारका असतो." आणि मग घाईनं म्हणाली, "त्यासाटी सोडू नगं आसं न्हाई म्हणत मी. भिंत बी हाय की धराय."

इस्लामपूर मागं पडलं, मलकापूर आलं. घरी आल्यावर तिनं माझ्यासाठी वेगळी आमटी केली, मीठ घालून. मी खाल्ली.

आठवडाभर जेवले, झोपले. चक्कर गेली, दमणूक तशीच राहिली. ती मिठानं जाणारी नव्हती. मग एका सकाळी पुन्हा कोल्हापूरला जायचं ठरलं, एकटीच. निघताना आई दारात डावा कान तळव्यानं दाबून उभी होती. कान वाजायला लागला की ती तसं करते.

"मी थांबते आज," मी म्हटलं.

"थांबून काय करशील? जा तू. येळेवर जा."

ग्लास भरलेला होता, टीव्हीच्या शेजारी. ती खाटेवर आडवी झाली, उजवा कान वर करून. मी दार ओढून घेतलं.

बाटली मी आता मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवते. उड्डाण करून दक्षिणेला वळले की कोल्हापूरची वाट मलकापूरवरूनच जाते. त्या दिवशी ढग इतके खाली होते की गाव दिसलंच नाही. दिशेच्या यंत्रावरून आणि लागलेल्या वेळावरून कळलं की आता खाली आपलं घर असणार. रेडिओवर कुणीतरी काही विचारत होतं. त्याला जरा थांबायला सांगितलं. इंजिनाचा आवाज ज्यानं वर-खाली होतो त्या थ्रॉटलवर हात ठेवला आणि मलकापूर मागं पडेपर्यंत तो हलू दिला नाही.